नळीतला चाँद

१ मार्च २०२५, शनिवार, दुपार

शाकीरभाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे फाडून टाकायच्या आधी एक वाक्य वाच. आज आपलं सगळं गाव रोजा धरून बसलंय, आणि आज रमझान लागलेला नाही.

शिरूरला नाही, न्हावऱ्याला नाही, तुमच्या दौंडलाही नाही. फक्त आपल्या गावात. आणि हे माझ्या तोंडून गेलेल्या एका शब्दामुळे झालंय.

रोजा मीही धरलाय. पहाटे अम्मीनं उठवलं, भाकरी वाढली, अब्बा समोर बसले होते, आणि मी खाली मान घालून खाल्लं. घाईत लिहितेय. अक्षर वाकडंतिकडं आलं तर चालवून घे. फोन तू आमच्यापैकी कुणाचाच घेत नाहीस, म्हणून कागद. मराठीतच लिहिते, आपण घरात बोलतो ते कागदावर उतरवायला आपल्या दोघांना कुणी शिकवलंच नाही. अब्बांचं बोलणंही ते बाजारात बोलतात त्या मराठीत लिहिते. जिथं शब्द तसाच ठेवावा लागेल तिथं ठेवीन.

मी अजून माळावरच्या दुर्बीणघरातच काम करते. पत्र्याची शेड आहे, छप्पर बाजूला सरकवायचं, की आभाळ मोकळं. दर शुक्रवारी संध्याकाळी लोकांसाठी कार्यक्रम असतो. काल विज्ञान दिन होता, त्यात मोबाईलवर सगळीकडे फिरत होतं की सात ग्रह एका रांगेत येणार. जत्रा लोटली. रांजणगावच्या कंपन्यांतली पोरं शिफ्ट सुटल्यावर तशीच आलेली, बायका, म्हातारी माणसं. रांगेत पुढेच सारजाबाई होत्या, आपल्याकडे अंडी घेऊन यायच्या त्या. म्हणाल्या, "सात जण रांगेत हायती म्हंजी काय, रेशनला उभं हायती का?" दुर्बिणीला डोळा लावून म्हणाल्या, "येवढंसंच? टीव्हीवर तर परातीयेवढं दाखवत्यात." माझ्यासोबत काम करणारा हनुमंत म्हणाला, "मावशी, टीव्हीवाल्यांचं घर जवळ हाय त्याच्या." सगळी रांग हसली.

दुर्बीण आम्ही शुक्रावर लावली होती. तुला माहीत नसेल म्हणून सांगते, शुक्र नुसत्या डोळ्यांना टपोरी चांदणी दिसतो, पण या दिवसांत दुर्बिणीतून पाहिलं तर तो हुबेहूब चंद्रकोरीसारखा दिसतो. बारीक, वाकडा, दोन टोकं. पाहणारा दचकतोच. प्रत्येकाला मी तेच सांगत होते, हा चंद्र नाही बरं का, हा शुक्र आहे. संध्याकाळभर तोच शब्द. तोंडाला त्याची सवय लागली होती.

आणि रांगेत अब्बा उभे दिसले.

इतक्या वर्षांत ते एकदाही तिकडे आले नव्हते. "नळीत डोळा घालून बसायची नोकरी" म्हणायचे, तुला आठवत असेल. मगरीबची नमाज होऊन गेली होती. शाबान महिन्याची एकोणतिसावी, म्हणजे रमझानचा चाँद बघायची संध्याकाळ आहे हे मला माहीत होतं, सकाळीच मी अम्मीला म्हणाले होते की आज चाँद दिसणं शक्य नाही, तो सूर्याच्या फार जवळ आहे. अब्बांनी ते ऐकलं होतं आणि नेहमीसारखं उडवून लावलं होतं: "हिशोबाचा चाँद तुमच्या शाळेत. आम्हाला डोळ्याचा पायजे." तर मला वाटलं, मशिदीच्या गच्चीवरून काही दिसलं नाही, पश्चिमेला खाली ढग होतेच, म्हणून खाली उतरले असतील आणि एकदाचे लेकीचं काम बघायला आले असतील. शाकीरभाई, मला इतका आनंद झाला की मी दुसरा विचारच केला नाही. हे तू समजून घेशील की नाही, मला माहीत नाही.

रांगेतल्या लोकांनी त्यांना पुढे घेतलं. "या मामा, या." आमच्या दुर्बिणीत नळीच्या बाजूने डोळा लावायचा असतो. आपण आभाळात नेमकं कुठे बघतोय ते बघणाऱ्याला कळत नाही. अब्बांनी विचारलं, "पश्चिमच ना?" मी म्हणाले, "हो, पश्चिमच." त्यांनी डोळा लावला. मग म्हणाले, "उलटा कसा?" हनुमंत म्हणाला, "मामा, ह्यात समदंच उलटं दिसतं."

मग अब्बा म्हणाले, "दिख्या, आसमीन. दिख्या."

मी म्हणाले, "शुक्र है, अब्बा."

मी मराठीत बोलले असते तर 'हा शुक्र आहे' असं म्हणाले असते. अब्बांशी घरच्या बोलीत बोलले, एवढंच. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. डोळे दिपू नयेत म्हणून लावलेल्या लाल दिव्यात त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण आवाज भरून आला होता. म्हणाले, "शुक्र है, बेटा. लाख लाख शुक्र है." आणि काठी टेकत, जवळजवळ पळत, शेडच्या बाहेर गेले. मला वाटलं, शुक्र पाहून माणूस असाही हलतो.

रांगेतली चार-सहा माणसं झाली असतील. खालून, आपल्या मशिदीचा भोंगा ऐकू आला. चाँद नजर आला. मी हसले. हनुमंतला म्हणाले, कुणीतरी विमान बघितलं असणार. मग भोंग्यावर अब्बांचं नाव आलं. शेखलालचाचांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला.

माझा हात दुर्बिणीच्या नळीवर होता. तो तिथंच राहिला. पुढची बाई म्हणत होती, "ताई, सरका की, आमाला बघू द्या." हनुमंतनं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचंही तोंड उघडं राहिलं. त्यालाही कळलं होतं.

घरी आले तर ओटा माणसांनी भरलेला. इमामसाहेबांनी शहानिशा केली होती. आभाळ साफ नव्हतं, अशा वेळी भरवशाच्या एका माणसाची गवाही पुरते. कुठून पाहिलात विचारलं, तर अब्बा म्हणाले, माळावरून. डोळ्यानं? डोळ्यानंच. यात खोटं काय आहे सांग. नळीचं त्यांनी सांगितलं नाही, मीही नाही. लोक त्यांचा हात हातात घेत होते. अम्मी खजूर वाटत होती. तू दोन वर्षांपूर्वी मशिदीच्या दारात अब्बांबद्दल जे बोललास, त्यानंतर त्या ओट्यावर इतकी माणसं मी पहिल्यांदा पाहिली. "ज्याला सुईत दोरा ओवता येत नाही, त्याच्या डोळ्यांवर गाव रोजा धरणार का?" तुझं ते वाक्य गावात अजून लोकांच्या तोंडी आहे. काल रात्री ते कुणीच म्हणालं नाही.

म्हणून मी बोलले नाही. पण हे इथं थांबणारं नाही. आज चुकीच्या दिवशी सुरू झालं तर शेवटी ईदही चुकीच्या दिवशी येईल, आणि खऱ्या रमझानचा एक रोजा सगळ्या गावाचा बुडेल. तो कुणाच्या माथी? अब्बांच्या.

शिरूरहून मामूंचा फोन येऊन गेला. "तुमच्याकडं वेगळा चाँद निघतो काय रे?" अब्बा हसून म्हणाले, "नजर पायजे, मेहबूब."

असरच्या नमाजनंतर मी त्यांना सांगणार आहे. हे आधी पोस्टात टाकते, म्हणजे माघार घेता येणार नाही.

आसमीन

२ मार्च, रविवार

शाकीरभाई,

सांगितलं. जे झालं ते मी अजून नीट जुळवू शकत नाहीये, जसं घडलं तसं लिहिते.

अब्बा मशीनवर बसले होते. शिवत नव्हते, नुसते बसले होते. मी म्हणाले, "अब्बा, काल नळीतून तुम्हाला दिसला तो चाँद नव्हता."

"मग काय हुतं?"

"शुक्र."

"शुक्र तर मी म्हणालो."

"तो आभाराचा शुक्र नाही अब्बा. शुक्राची चांदणी. मी ग्रहाचं नाव सांगत होते."

मग म्हणाले, "चांदणीला शिंगं कुठनं आली?"

मी सांगितलं. कागदावर गोल काढून, सूर्य इथं, शुक्र इथं, उजेड एका कडेला पडतो म्हणून. रोज शाळेतल्या पोरांना सांगते तसं. त्यांनी कागदाकडे पाहिलंच नाही. अगदी हळू विचारलं, "शाकीरनं शिकवलं का तुला हे?"

मला आधी कळलंच नाही. म्हणाले, "त्यानं दारात उभं राहून म्हणलं. तू नळी लावून दाखवलं. दोघं मिळून माझा तमाशा केला. त्याला तिकडं दौंडात बसून हसू येत आसंल."

भाई, दोन वर्षं मी तुझा आवाज ऐकलेला नाही. मी रडले नाही, मला रडूच आलं नाही. कुणी थोबाडीत मारावी आणि कान बधिर व्हावेत तसं झालं. अम्मी आतून धावत आली आणि म्हणाली, "आवो, रोज्याच्या तोंडानं काय बोलताय पोरीला!" ते म्हणाले, "रोजा तरी हाय का आज, विचार तुझ्या पोरीला." आणि बाहेर गेले.

मगरीबच्या वेळी मी मशिदीबाहेरच्या चिंचेपाशी गेले. घरात बसवेना. पुरुष सगळे पश्चिमेकडे तोंड करून उभे होते, आणि चाँद दिसला. शाकीरभाई, केवढा होता! मला ठाऊक होतं आज तो मोठा आणि वर दिसणार, अमावास्या आदल्या दिवशी सकाळीच उलटून गेली होती. शिरूरलाही हाच दिसला असणार, पहिला म्हणून. पण आपल्या लोकांना तेवढं पुरलं. कुणीतरी ओरडलं, "हा तर दुसरा चाँद! पहिल्या दिवसाचा एवढा असतो व्हय?" की गलकाच झाला. अब्बांना पोरांनी उचलायचं बाकी ठेवलं. "मामा, शिरूरवाल्यांचं तोंड बघाय पायजे आता!" "चाचा, नजर म्हणायची का दुर्बीण!" ज्योतिबा किराणावाला दुकान सोडून आला आणि म्हणाला, "शेखलालमामा, पंचांग काढा तुमी, आमी इकतो."

मी खरं सांगितलं होतं, आणि आभाळानंच मला खोटं पाडलं होतं. आता मी कितीही कागदावर गोल काढले तरी कुणी ऐकणार नव्हतं. अब्बांना काही बोलायची गरजच उरली नव्हती. त्यांनी नुसतं हसायचं होतं. गवाही खरी, नजर खरी, तू खोटा, मी खोटी.

ते हसत होतेही. माणसं बोट दाखवत होती तिकडे ते बघत होते. पलीकडे हिरामणच्या शेतात उसाचं पाचट पेटवलं होतं, त्याचा धूर होता थोडा. मग त्यांचं हसू गेलं. कसं गेलं ते मला सांगता येत नाही. दिवा गेल्यावर घर असतं तसाच चेहरा राहिला.

ते गर्दीतून बाहेर आले, इमामसाहेबांसमोर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कालची माझी गवाही मी माघारी घेतो."

इमामसाहेबांना वाटलं, त्यांचीच ऐकण्यात चूक झाली. म्हणाले, "चाचा, चाँद तर समोर आहे. सगळे म्हणताहेत दुसरा आहे."

"सगळ्यांचं सगळ्यांपाशी. मी काल बघितलं तो चाँद नव्हता."

"मग काय होतं?"

आता माझं नाव येणार, तुझं येणार. अब्बा म्हणाले, "ते मला वळखता आलं नाही. माझी चूक. कुणी मला सांगितलं न्हाई, कुणी फसवलं न्हाई."

तासाभरापूर्वी त्यांनी मला काय म्हटलं होतं ते तू वर वाचलंस. मला अजून कळलेलं नाही, मधे काय झालं.

इमामसाहेब चांगले निघाले. म्हणाले, जो धरला तो नफिल, आपखुशीचा रोजा झाला, त्याचं पुण्य कुठं जात नाही. पहिला रोजा उद्या. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजी आमचा एक ज्यादाच की!" थोडं हसू झालं. पण फार नाही.

आसमीन

११ मार्च, मंगळवार

शाकीरभाई,

तुझा मेसेज आला. मला ब्लॉकमधून काढून एक ओळ पाठवलीस आणि पुन्हा गप्प झालास. बाकी काहीच विचारलं नाहीस, अब्बा कसे आहेत हेही नाही. एवढंच: "शनिवारी अब्बांना चाँद दिसला का?"

आधी इथलं सांगते, मग त्याचं उत्तर.

गंमत अशी की अब्बांची माघार कुणी मनावर घेतलीच नाही. रोजे रविवारपासून धरतात सगळे, पण बोलतात वेगळंच. म्हणतात, चाचांना बरोबर दिसला होता, पोरीनं कायतरी हिशोब सांगून म्हाताऱ्याला घाबरवलं. परवा नळावर एक बाई मला ऐकू जाईल असं म्हणाली, "लई शिकलं की घरचा चाँदबी खोटा वाटतो." हनुमंत कंपनीतून येताना ओट्यावर येऊन गेला. लोकांना म्हणाला, मी होतो तिथं, शुक्रच होता तो. तर त्यालाच म्हणाले, "तुला रं काय कळतंय आमच्या चाँदातलं?" तो उठून गेला. शुक्रवारी रांगेत आपल्या गावचं एकही माणूस नव्हतं.

अब्बा घरीच असतात. मशीन झाकून ठेवलंय. माझ्याशी ते त्या दिवसापासून धड एक वाक्य बोललेले नाहीत. पाणी दिलं तर घेतात. परवा इमामसाहेब येऊन म्हणाले, चाचा, ईदच्या चाँदला गच्चीवर तुम्हीच पाहिजे, लोकांचं म्हणणं आहे. अब्बा म्हणाले, बघू. अम्मीचा चेहरा उजळला. माझा नाही. ते पुन्हा वर जातील, माणसं बोट दाखवतील, आणि सगळं पुन्हा होईल. माघार घेऊनही त्यांची सुटका झालेली नाही.

आता तुझा प्रश्न. शनिवारी पाचटाचा धूर होता, त्यामुळे अब्बांना चाँद दिसला नाही.

इथपर्यंत लिहिलं होतं. अब्बा कधी मागे येऊन उभे राहिले मला कळलं नाही. विचारलं, "कुणाला?"

मी म्हणाले, "शाकीरभाईला."

मला वाटलं कागद ओढून घेतील. ते बाजेवर बसले. म्हणाले, "वाच."

मी वाचलं. नळावरची बाई गाळायचा विचार होता, पण गाळली नाही. हनुमंतचं वाचलं तेव्हा त्यांनी मान हलवली. तुझा मेसेज वाचला तेव्हा म्हणाले, "परत वाच," म्हणून परत वाचला. मग शेवटची ओळ वाचली, धुराची.

"धूर कवा हुता?" अब्बा म्हणाले.

"होता की, हिरामणच्या शेतात."

"तो खालच्या अंगाला. चाँद वर हुता. समद्यांना दिसला. तुला दिसला का न्हाई?"

"दिसला."

"धूर खोड."

मी खोडला. वर बघ, रेघ मारलेली दिसेल तुला. मला वाटलं झालं. ते म्हणाले, "नळीतनं दिसलं ते झळझळीत दिसलं, आसमीन. लई दिवसांनी कायतरी नीट दिसलं. म्हणून मी पळालो मशिदीकडं. थांबून इचारायचं माझ्या मनातबी आलं न्हाई." मग म्हणाले, "शनवारी समदे बोट दावत हुते. मी नुसता तिकडं तोंड करून हसत हुतो. तवा कळलं, हे असंच किती वर्स चाललंय."

आतून अम्मीच्या भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"त्यानं काय इचारलंय?" अब्बांनी विचारलं.

"शनिवारी अब्बांना चाँद दिसला का."

"आन् तू काय लिवलंस?"

"दिसला नाही."

"तेबी खोड."

"मग काय लिहू, अब्बा?"

ते म्हणाले, "त्यानं शनवारचं इचारलंय, पर त्याला शनवारचं नगं सांगू. दिसत न्हाई, आसं लिही. जे त्यो दारात म्हणला हुता, तेच लिही."

ते समोर बसले आहेत, मी लिहिते का ते बघताहेत. म्हणजे माझ्याकडे तोंड करून बसले आहेत.

शाकीरभाई, अब्बांना दिसत नाही.

आसमीन